युरोपचा प्लग आणि काकूंचा मिक्सर

दामलेकाका आमच्या घरी आले की आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. खिशातून स्क्रूड्रायव्हर निघायचा, टीव्हीचा प्लग उघडायचा, आणि तो पास झाला की मगच, "हं, आता चहा टाक." इंग्लंडातल्या प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, आणि आमच्या बेसिंगस्टोकमधलं एकही मराठी घर त्यांनी सोडलं नव्हतं. एका वर्षी तर भर आरतीत त्यांनी मखराच्या दिव्यांचा प्लग उपटला. बाप्पा अंधारात. "लायटिंगला तेरा अँपिअरचा फ्यूज? तीन पुरे. तुम्ही आरती चालू ठेवा," म्हणाले.

त्या काळी इथे नवी वस्तू घेतली की वायरीचं टोक नुसतंच लोंबत यायचं. प्लग वेगळा आणून आपण लावायचा. म्हणजे अर्थात काकांनी.

काका सगळ्या युरोपसाठी एकच प्लग ठरवणाऱ्या समितीवर होते. सारखे ब्रसेल्सला. परत आले की आम्हाला ऐकावं लागे. "फ्रेंचांना त्यांची पिन सोडवत नाही, जर्मनांना त्यांच्या क्लिपा, आणि आपल्या ब्रिटिशांना फ्यूज. बट वी आर व्हेरी क्लोज." हे व्हेरी क्लोज मी दहा वर्षं ऐकलं. घोडं दर वेळी तिथेच पेंड खायचं.

शेवटी समितीने गाशा गुंडाळला. ज्याचा त्याचा प्लग ज्याच्या त्याच्या भिंतीत राहिला. काकांच्या सुमनकाकू त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या. काका कुणाकडे येईनासे झाले, तेव्हा मला राहवेना. मीच गेले.

ते चहा करत होते. ओट्यावर काकूंचा मिक्सर दिसला. त्यांची सवय मलाही लागलेली, मी प्लग उघडला. ब्राउन वायर निळीच्या जागी, निळी ब्राउनच्या. मला हसू आलं.

"काका, तुमच्याच घरात? थांबा, बदलून देते."

"राहू दे." त्यांनी गॅस बंद केला. "मिक्सर आला तेव्हा मी ब्रसेल्सला. चार दिवस वाट बघितली असेल तिने. मग खोक्यातल्या कागदावरचं चित्र उलटं धरून स्वतःच लावला असणार. मला बोलली नाही. वायरी उलट्या असल्या तरी मिक्सर फिरतो; सहा वर्षं त्यातली चटणी खाल्ली मी. सगळ्या गावाचे प्लग उघडले, हा ती गेल्यावर उघडला."

"पण डेंजरस आहे ना, काका," मी म्हणाले.

"फ्यूज काढलाय, बघ." त्यांनी प्लग माझ्या हातातून घेतला, झाकण बसवलं आणि स्क्रू हलकेच आवळला. "वायरी तिने लावल्यात. त्या तशाच राहतील."