आप्पांच्या करंगळीचं नख

लिंबायत या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत नामदेव आप्पा त्यांच्या नखामुळे ओळखले जातात. डाव्या करंगळीचं नख ते कापत नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की ते चांगलं इंचभर बाहेर आलेलं असतं. त्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला की माणूस दचकतो. मी शेजारी राहतो, त्यामुळे रोज दचकतो.

चूक माझीच. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. पाच वर्षांपूर्वी आप्पांचा एकुलता एक सुनील मादागास्करला कापडाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, तेव्हा "हाई गाव कोठे शे?" असं विचारत आप्पा माझ्याकडे आले. मी नकाशा दाखवला. तिथेच थांबायला हवं होतं, पण जीभ थांबेल तर ना! भारत आणि मादागास्कर एकेकाळी चिकटलेले होते, मग जमीन फाटून मध्ये समुद्र आला. त्याच्या तळाशी डोंगरांची एक रांग आहे, तिच्यातून तापलेला रस वर येऊन अजून नवी जमीन बनते, आणि दोन्हीकडचे देश वर्षाला नख वाढतं तेवढे लांब जातात, असं सगळं सांगून बसलो. त्या दिवसापासून आप्पांनी नख ठेवलं.

आप्पांची सगळी हयात लूमवर कापड विणण्यात गेली. त्यांना हे प्रकरण माझ्यापेक्षा चांगलं कळलं, हाच खरा ताप. एकदा आमच्याच घरात दोन खाटा जोडून, मधल्या फटीतून त्यांनी आमच्या हिच्या दोन भरजरी साड्या दोन्ही बाजूंना ओढायला घेतल्या. "देखा वहिनी, मधमा नवं निंघस. जितलं दूर, तितलं जुनं." ही फक्त जरीकडे बघत होती. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

सकाळी मी दात घासत असतो, तेव्हा रांग कधी थांबणार म्हणून भिंतीपलीकडून हाक येते. "मास्तर, ती रांग बंद कवय पडी?"

एकदा वैतागून मी सांगितलं, की अशा रांगा कायमच्या नसतात, थंडावतात. मादागास्करजवळची पहिली अशीच थंडावली. आप्पांचा चेहरा फुलला. मग मी पुढचं सांगितलं, की त्यानंतर जमीन दुसरीकडे, आपल्या बाजूला फाटायला लागली. ते चप्पल घालून तडक घरी गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लूम आठे बंद कया नी कडोदरा गावले चालू कया? हाई कोनती रीत?" जसा काही कारखाना माझाच!

दरवर्षी आखाजीनंतर ते नख आखूड दिसतं. मला वाटतं, सुटलो. ते पुन्हा वाढतं.

यंदा आखाजीला आप्पा आमच्याकडे जेवायला होते. सुनील येणार होता, आला नाही. पाच वर्षांत एकदाही आलेला नाही. डाव्या हाताने वाटी धरताना नख आमरसात बुडालं आणि माझा संयम संपला. नेलकटर आणून मी त्यांच्यापुढे आपटला. "आप्पा, आज हे नख जाणार!"

"आजच कापानं शे," ते म्हणाले. "आखाजीलेच सुनील गया."

नख कापून त्यांनी खिशातून तंबाखूची रिकामी डबी काढली. आत चार जुनी नखं होती. आमची ही तोंडाला पदर लावून आत गेली. आप्पांनी पाचही फरशीवर एकापुढे एक मांडली. सगळी मिळून वीतभरही भरेनात. त्यांनी वर हात ठेवला, तर पाचही झाकली गेली.

"पाच वरीसमा समुद्रनी इतलंच लांब करं, मास्तर. मंग त्याले येवाले काय व्हस?"

तीस वर्षं मी भूगोल शिकवला. मी त्यांची आमरसाची वाटी उचलली आणि दुसरी भरून आणली.