सातव्या पानावरची टकटक

"ताई, सातव्या पानावर तुमच्या मागे कोणीतरी अक्रोड फोडतंय," रेकॉर्डिस्ट फोनवर म्हणाला.

ती तेव्हा कपाटात बसली होती. बेडरूममधल्या मोठ्या कपाटाचा खालचा कप्पा, एका बाजूला दोन रजया, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा लग्नातला कोट. आवाज घुमत नाही अशी घरातली तेवढीच एक जागा. अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम दीड वर्षानंतर पुन्हा तिच्या हाती आलं होतं. पहिलं पुस्तक नदीचं. ते शुक्रवारपर्यंत स्वच्छ पोचलं तर पुढची अकराही तिचीच. नाहीतर एका निवृत्त निवेदकांची, जे एकटे राहतात आणि ज्यांच्याकडे म्हणे घड्याळसुद्धा टिकटिक करायचं नाही. आज सोमवार होता, आणि वेळ मिळायचा तो चिरंजीव झोपतील तेवढाच, दुपारी एक ते तीन. चिरंजीवांचं वय अकरा महिने.

"अक्रोड कुठून येणार?" ती म्हणाली.

"ते तुम्ही बघा. मला आठव्या पानावर पण ऐकू येतात."

तिने कानाला हेडफोन लावून ऐकलं. तिचा स्वतःचा आवाज छान सांगत होता, "खाडीत नदीचं पाणी समुद्राच्या पाण्याला भेटतं. ते ना धड गोड, ना धड खारट." आणि मागे, टक्. टक्-टक्. टक्.

मग शोधमोहीम सुरू झाली. भिंतीवरचं घड्याळ ओट्याखाली गेलं. फ्रिज दोन तास बंद ठेवला, त्यात दूध नासलं. टकटक चालूच. वरच्या मजल्यावर कवायतीचे निवृत्त मास्तर राहायचे. ती भीतभीत वर गेली आणि "दुपारी जरा काठी न टेकता चालाल का?" असं विचारून आली. मास्तर दुखावले. तेव्हापासून ते घरात लोकरीचे मोजे घालून, भिंतीला धरून चालायला लागले. टकटक चालूच.

मंगळवारी प्लंबर आला. त्याने नळाला कान लावला, मग फरशीला, मग थोडा वेळ सासूबाईंच्या चहाला तोंड लावलं.

"हवा अडकलीय पायपात."

"कुठे?"

"ते फोडल्यावर कळेल."

न्हाणीघराच्या भिंतीतल्या नऊ फरश्या फोडल्यावर कळलं, की हवा तिथे नाही.

नवरा दातांचा डॉक्टर. संध्याकाळी त्याने भिंतीतलं भगदाड व्यावसायिक नजरेने पाहिलं. "मुळापर्यंत गेलंय. नीट भरून घ्यावं लागेल," म्हणाला आणि हात धुऊन हॉलमधल्या माशांच्या टाकीकडे वळला. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा बघायचा तरता काटा त्याने सोडला, डोळा बारीक केला. चिरंजीवांच्या आंघोळीचं पाणी त्याने कधी इतक्या मायेने तपासलं नव्हतं.

ही टाकी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. वर्षापूर्वी, चिरंजीव जन्माला यायच्या आनंदात, त्याने बोटाएवढा एक रुपेरी मासा आणला होता. दुकानदाराने 'छोटा शार्क' म्हणून दिला. सासूबाईंनी चष्मा लावून एकदाच पाहिलं. "हा कुठला शार्क? मिशा बघ त्याच्या. हा शिंगाळा आहे. हाताएवढा होईल." आणि खरोखर झाला. हे मासे मोठे होतात तसं त्यांना निमखारं पाणी लागतं हेही तेव्हाच कळलं, आणि घरात मिठाची पोती यायला लागली. पण तोवर तो कोपऱ्यात तोंड घालून पडलेला असायचा. तेव्हा ओली बाळंतीण असलेली हीच रडवेली होऊन म्हणाली होती, "एकटा आहे रे बिचारा. याला कोणीतरी बोलायला आण." मग दोन आले. तीन झाल्यावर ते नुसते गरागरा फिरायला लागले, म्हणून आणखी दोन, म्हणून मोठी टाकी. टाकी सोफ्याच्या जागी आली, सोफा मावशीकडे गेला, आणि घरी येणारे पाहुणे टाकीकडे तोंड करून डब्यांवर बसायला शिकले. सासूबाई रोज बोट बुडवून पाण्याची चव बघायच्या. काट्याच्या आधी त्या सांगायच्या, "आज अळणी आहे."

बुधवारी दुपारी ती पुन्हा कपाटात शिरली. पान सात काढलं. "खाडीत नदीचं पाणी..." टक्. ती बाहेर आली. टकटक थांबली. पुन्हा आत. "खाडीत..." टक्-टक्.

तिने माइक हातात घेतला आणि आवाजाच्या मागावर अनवाणी निघाली. माइक भिंतीजवळ नेला की टकटक मोठी. भिंतीपलीकडे हॉल. हॉलमध्ये सासूबाई वाटाणे सोलत बसलेल्या.

"आई, तुम्हाला काही ऐकू येतं का हो इथे?"

"कसलं?"

"टकटक."

"मासे बोलतात ते?"

ती खालीच बसली.

"अगं, हे बोलतात ना आपसात. परांचे काटे घासतात आणि आवाज काढतात. एकटा होता तेव्हा मुका होता, आता पाच जण झालेत." सासूबाईंनी एक वाटाणा तोंडात टाकला. "आणि तू आत वाचायला लागलीस की सगळे या भिंतीला येऊन चिकटतात. रोज सकाळी बोलत बोलत तूच खायला घालतेस ना त्यांना? त्यांना वाटतं, पान वाढलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी बाथरूम फोडलं."

"मला वाटलं, बाथरूमचं वेगळं काहीतरी असेल."

गुरुवारी सकाळी नवऱ्याने दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. माशांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून पाचांना पाच झाकणाच्या बादल्यांतून, त्यांचं पाणी डब्यांतून आणि टाकी चार माणसांच्या खांद्यावरून दवाखान्यात नेली. हॉलमध्ये ओल्या फरशीचा एक चौकोन उरला. घर इतकं शांत झालं की वरच्या मास्तरांचे मोजे ऐकू यायला लागले.

एक वाजता तिने चिरंजीवांना हॉलमधल्या पाळण्यात ठेवलं, पाठ थोपटली आणि कपाटाकडे वळली. मागून हुंकार आला. चिरंजीव टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होते. दीड वाजता तेच. सव्वादोनला ते पाळण्याचा कठडा धरून उभे होते आणि सोफ्याच्या जागेकडे, म्हणजे टाकीच्या जागेकडे, बघून ओठ काढत होते.

"त्याला टकटक हवीय," सासूबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांचा असल्यापासून तो त्या आवाजावर झोपतोय."

त्यांनी वाटीवर चमचा वाजवून पाहिला. चिरंजीवांना तो अपमान वाटला. तिने जीभ टाळूला लावून टक्-टक् केलं. ते खळखळून हसले आणि आणखी मागायला लागले. पावणेतीन झाले. शुक्रवार उद्यावर आला होता, आणि निवेदक आपल्या टिकटिक नसलेल्या घरात घसा साफ करत असणार.

तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नापास झालेलं रेकॉर्डिंग तिने पुसलेलं नव्हतं. तिने फोन पाळण्यात उशीपाशी ठेवला, आवाज अगदी बारीक केला आणि सातवं पान लावलं. खाडीत नदीचं पाणी, टक्, समुद्राच्या पाण्याला, टक्-टक्, भेटतं. 'ना धड गोड'पर्यंत चिरंजीवांच्या पापण्या मिटल्या. ती चोरपावलांनी कपाटात शिरली, दोन्ही रजया अंगावर ओढल्या आणि साडेपाचपर्यंत नदी डोंगरातून समुद्रापर्यंत एका दमात नेऊन पोचवली.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला.

"ऐक ना," नवरा हळू आवाजात म्हणाला, "हे पाचही जण कोपऱ्यात तोंड घालून पडलेत. खात नाहीत, बोलत नाहीत. तू येतेस का जरा?"

"येऊन काय करू?"

"बोल त्यांच्याशी."

तिने ते नापास रेकॉर्डिंगच त्याला पाठवलं. शुक्रवारी सकाळपासून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत नदी वाहायला लागली. मासे काचेला येऊन चिकटले, खायला लागले आणि गप्पांना बसले. एक आजोबा आपला नंबर दोनदा मागच्याला देऊन बसून राहिले. त्यांना नदी पोचली का ते ऐकायचं होतं.

दुपारी रेकॉर्डिस्टचा फोन आला.

"ताई, स्वच्छ आहे. पुढची अकरा पाठवतोय. फक्त शेवटच्या पानावर, 'समुद्र आला' असं तुम्ही म्हणता ना, तिथे एक टक् आहे. एकच. मासे गेले म्हणाला होतात ना?"

तिने पाळण्याकडे पाहिलं. चिरंजीव कठडा धरून उभे होते. तिच्याकडे बघून त्यांनी जीभ टाळूला लावली आणि मोठ्या अभिमानाने सोडली.

"मासा नाही तो," ती म्हणाली. "आमच्याकडे आता आणखी एक जण बोलायला लागलाय."