तीन कुलपं आणि एक डोकं

गच्चीवरची टाकी तीन बिऱ्हाडांत एकच होती. संशय मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. टाकी भरदुपारी कोरडी पडायला लागली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट तळमजल्याकडे बोट दाखवलं.

"पार्लर तिथे आहे. गावाची डोकी धुवा, आणि आम्ही तोंडं कोरडीच पुसतो!"

पार्लरवाली मावशी उसळली. "तुमच्याकडे पिंपं, बादल्या, पातेली भरून ठेवलीत, त्याचं काय?"

"तुम्ही संपवाल म्हणूनच भरली!"

मधल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा दोघींवरही विश्वास नव्हता. ते कपबशासुद्धा भरून ठेवत. शेवटी टाकीच्या मुख्य नळाला तीन घरांची तीन कुलपं लागली. तिघं गच्चीवर हजर असतील, तरच नळ उघडायचा. मास्तरांनी स्वतःचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, शेजारची दोन चार-चारदा.

एका सकाळी मावशी धापा टाकत त्यांच्या दारात आली. "मास्तर, किल्ली घेऊन चला! गिऱ्हाईकाच्या डोक्याला रंग लावलाय आणि भरलेली बादली लवंडली. आत्ता नाही धुतलं तर केस हातात येतील!"

"डाव दिसतोय. काकू कुठायत?"

"त्या... बाहेर गेल्यात. पण त्यांची किल्ली मिळेल."

"मिळेल? म्हणजे ढापलीत!"

मास्तर तरातरा खाली उतरले. पार्लरच्या खुर्चीत नाकापर्यंत टॉवेल गुंडाळून कुणीतरी बसलं होतं. टॉवेलखालून हात बाहेर आला. हातात काकूंची किल्ली.

"सापडला चोर! थांबा, पोलिसांनाच बोलावतो!"

टॉवेल खाली आला. काळेभोर केस म्हणजे आमच्या माहेरचं देणं, असं जिन्यात येताजाता ऐकवणाऱ्या साक्षात काकू!

"मास्तर, टाळू पेटलीय माझी! आधी पाणी सोडा, संशय मागाहून घ्या!"

मास्तर तरीही हलेनात. "पण हे पाणी घरचं धरायचं की धंद्याचं?"

"डोकं घरचंच आहे माझं!" काकू किंचाळल्या आणि रंग निथळत्या डोक्याने जिना चढू लागल्या. काय करतात? नियमच तसा होता.

त्यानंतर कुलपं कुणी लावलीच नाहीत. पिंपंही कुणी भरून ठेवत नाही, त्यामुळे टाकी आता संध्याकाळपर्यंत पुरते. आणि काकूंचे केस मुळातच काळे आहेत, असं मास्तर कुणी न विचारताच सगळ्यांना सांगत सुटलेत.