नानांनी काढलेली पावले

वाट दाखविणे हे पुण्यकर्म खरे. परंतु दाखविणाऱ्याला ती वाट ठाऊक असावी, एवढी एक अट त्या पुण्याला चिकटलेली आहे. ही अट विसरून केलेल्या परोपकाराचे फळ कोणाच्या दारात जाऊन पडेल याचा नेम नसतो. जळगावच्या योगराज नानांच्या बाबतीत ते त्यांच्याच दारात पडले, आणि तेही वाजत-गाजत!

नाना हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. उभी हयात मुलांकडून ‘गम्’ म्हणजे ‘जाणे’ हा धातू घोकून घेण्यात गेली आणि निवृत्त होताच तो धातू नानांच्या स्वतःच्या पायांत उतरला. घरात त्यांचे बूड टेकेना. चहाचा अर्धा पेला खुर्चीत, उरलेला अर्धा अंगणात! त्यातच शहरातील नाल्याकाठच्या, कॉलन्यांमागच्या आणि मेहरूण तलावाकडच्या पायवाटा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वाटांचे एक जाळेच तयार झाले. नकाशावर ते जिलबीसारखे दिसे. कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे खाऊनच पाहावे! नानांनी ते खाण्याचा निश्चय केला.

पहिल्याच घासाला ठसका लागला. गेल्या महिन्यात नाना सायकल घेऊन ‘नवी वाट पाहून येतो’ म्हणून बाहेर पडले, ते पारोळ्याहून येणाऱ्या दुधाच्या गाडीत, कॅनच्या मधोमध, सायकल मांडीवर घेऊन परतले. ही वार्ता पुण्यास चिरंजीव तेजस यांच्या कानी गेली. तेजसने फोनवर निर्वाणीचे सांगितले, “बाबा, आता एकदा जरी हरवलात, तर सायकल विकायची आणि तुम्ही दोघांनी पुण्याला यायचे. अकराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, हरवण्याचा प्रश्नच नाही.”

अकरावा मजला! ज्या पायांना नाल्याकाठची माती ठाऊक, त्यांनी दिवसभर फक्त वर जावे आणि खाली यावे? नानांची झोप उडाली.

आपण हरवत नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी प्रभातफेरी मंडळाच्या बैठकीत उभे राहून जाहीर केले, “येत्या सोमवारी मी मंडळाला या वाटांची संपूर्ण प्रदक्षिणा घडवीन. माझ्या घरापासून निघून माझ्या घरी परत! कोणालाही एक अक्षर न विचारता!”

भुसावळला रेल्वेत आयुष्य काढलेले भाईदास आबा मिशीतल्या मिशीत हसले. “नाना, येताना दूध घेऊनच या मग.”

मंडळ खो खो हसले. नाना मात्र घरी येऊन कामाला लागले. तेजसला त्यांनी कळविले, “सोमवारी सकाळी नऊला फोन कर. मी उंबऱ्यात उभा असेन.” वाटेवर खुणा करणे आवश्यक होते. खडूची रेघ टिकत नाही. तेलरंगाने भूमी विटाळते. बाणाचे चिन्ह तर नानांना मुळीच रुचले नाही. “बाण हे हिंसेचे साधन आहे. चालण्याची वाट आहे, तर पावलेच काढू!” त्यांनी देवघरातील रांगोळीचा डबा उचलला.

“एकटे कुठे निघालात? मी येते कुंकवाची वाटी घेऊन,” नानांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या. “नुसत्या पांढऱ्या पावलांना शोभा नाही.”

रविवारी दुपारनंतर पावसाने उघडीप दिली होती. नाना सायकल हातात धरून वाकून पावले काढीत पुढे, आणि इंदिराबाई प्रत्येक पावलावर कुंकवाचे बोट टेकवीत मागे. तिठा आला की इंदिराबाई म्हणत, “इकडून.” नाना त्या बाजूला वळत. त्यांची दृष्टी जमिनीवर होती. मान वर करून पाहण्याची गरज त्यांना एकदाही भासली नाही. तलाव दिसू लागला तेव्हा इंदिराबाई म्हणाल्या, “इथून उजवीकडे वळवा. उद्या तलावावर गर्दी असेल.”

“गर्दी कशाची?”

“उद्या कोणता वार आहे, ठाऊक आहे ना?”

“इंदुवासर!” नानांनी तत्परतेने उत्तर दिले आणि पुढचे पाऊल काढले.

इंदिराबाईंनी त्या पावलावर कुंकवाचे बोट टेकविले. विद्वान माणसाला पंचांग पाठ असते. परंतु श्रावणातल्या या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजत-गाजत पाण्याकडे नेतात, ही गोष्ट त्याच्या ध्यानात असेलच असे नाही. नानांच्या घरी कानबाई बसत नसे. भाऊबंद चहूकडे पांगले. कुळाने एकत्र येऊन खायचे रोट खाणार कोण, असे म्हणत नानांनी तो कुळाचार वर्षानुवर्षे पुढे ढकलला होता. इंदिराबाईंनी त्यावरून वाद घातला नव्हता. दर वर्षी या सोमवारी त्या फाटकाशी उभ्या राहून जाणाऱ्या मिरवणुका पाहत, एवढेच. घर आले तेव्हा अखेरची पावले त्यांनी स्वतः काढली. ती फाटकापाशी न थांबता उंबरा ओलांडून आत गेली होती.

सोमवारी सकाळी नानांनी अंगात मंडळाचा पांढरा सदरा चढविला, सायकलची घंटा वाजविली आणि प्रस्थान ठेवले. इंदिराबाईंनी पोह्यांची कढई चढविली होती. नानांचा मोबाईल मुद्दाम घरीच ठेवला होता. नकाशा पाहिल्याचा आरोप नको!

पहिल्या वळणापर्यंत सारे यथासांग घडले. कुंकवाची पावले ठळक होती. मंडळी माना डोलावीत होती. नाल्यावरच्या मोरीपाशी मात्र पावले दिसेनाशी झाली. त्या जागी गुलाल होता, झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि रांगोळीचा नुसता पांढरा धुरळा.

“नाना, पावले कुठे गेली?” भाईदास आबांनी विचारले.

“पुढे गेली असतील,” नाना म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचे त्यांनाच कळेना.

“त्या पानवाल्याला विचारू या.”

“मुळीच नाही! प्रतिज्ञा आहे!”

नानांनी तर्काचा आश्रय घेतला. तर्काने त्यांना एका डाळमिलच्या आवारात नेले. तेथे तुरीची डाळ अंगणभर वाळत पसरली होती आणि मंडळ तिच्यातून निम्मे चालून गेल्यावर राखणदार धावत आला. “अहो आजोबा! ही डाळ आहे, फेरीची जागा नाही!” मंडळी बुटांतून डाळ झटकीत बाहेर पडली. तर्काने दुसरी वाट सुचविली. तिच्या टोकाला एक म्हैस आडवी बसून रवंथ करीत होती. तिच्या डाव्या अंगाला भिंत, उजव्या अंगाला गटार. नानांनी घंटा वाजविली. म्हशीने कान हलविला.

“वाजवा आणखी,” भाईदास आबा म्हणाले. “कदाचित तिला संस्कृत येत असेल.”

नानांनी मनगट वर करून पाहिले. घड्याळाचा काटा नवाकडे सरकत होता. तिकडे पुण्यात तेजस फोन हातात घेत असेल. डोळ्यांसमोर लिफ्टचे दार उघडू लागले आणि मिटू लागले. हातातील सायकल एकाएकी फार प्रिय वाटू लागली.

इतक्यात दूरवर ढोल वाजला. पाठोपाठ डफ आणि बायकांची गाणी. नाना थबकले. “आवाजाच्या मागे जाणे म्हणजे कोणाला विचारणे नव्हे,” त्यांनी घाईघाईने निर्णय दिला, आणि सायकल वळवून ते जवळजवळ पळतच सुटले. मंडळ धापा टाकीत मागे.

ढोलाचा आवाज वाढत गेला. एक वळण, दुसरे वळण, आणि समोर नानांचे स्वतःचे घर! पण घर कसले? फाटकाबाहेर जत्रा भरली होती. अंगणात एक नव्हे, तीन-तीन चौरंग टेकले होते. प्रत्येक चौरंगावर दागिन्यांनी मढलेली कानबाई, केळीचे खांब, कणकेचे दिवे. पुरुष घाम पुसत होते, बायका फुगड्या घालीत होत्या, आणि मंडळासाठी केलेले पोहे द्रोणांतून वाटले जात होते.

फाटकाच्या आत इंदिराबाई मोबाईल कानाला लावून उभ्या होत्या. नाना तगरीच्या झाडाआड थांबले.

“हो रे तेजस, परत आले ना! अरे, हरवतात कसले? सगळ्या गावाला घरी घेऊन आलेत. ऐक ढोल.” त्यांनी फोन ढोलाकडे धरला. “बाबा? ते मागून येत आहेत. पुढारी नेहमी मागेच असतो.”

तेजस पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आले नाही. परंतु इंदिराबाई हसल्या. अकरावा मजला तेवढ्या हसण्यात दूर गेला.

नाना झाडाआडून पुढे झाले. मागच्या वस्तीतल्या भागाबाई, ज्यांच्या डोक्यावरून सर्वांत पुढची कानबाई आली होती, त्या पदराने वारा घेत सांगत होत्या, “तलाव तं तठे दिसी राहिना व्हता! पन मायनी पावलं इकडे वळेल. मी म्हनी, माय जथी जाई तथीच आपीन जासुत! मांगला बठ्ठा लोक मन्ह्या मांगे.” तलाव समोर दिसत असूनही, मायची पावले समजून सारी मिरवणूक नानांच्या रांगोळीमागे इकडे वळली होती.

नानांपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहिले तर दैवी चमत्काराचे श्रेय. बोलले तर फजिती. परंतु ज्याने आयुष्यभर मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिले, त्याच्या तोंडून सत्य सवयीनेच बाहेर पडले. “भागाबाई, ती पावले देवीची नव्हेत. ती... मी काढली.”

ढोल थांबला. भागाबाईंनी नानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तुम्ही? मंग तलाव सोडीसन आठे कसाले वळाडं आम्हले?”

नानांनी उत्तरासाठी इंदिराबाईंकडे पाहिले. इंदिराबाई तिन्ही कानबायांना आळीपाळीने हळद-कुंकू लावीत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होते. नानांना कालचा प्रत्येक तिठा आठवला. इकडून. आता इकडून. आणि उंबऱ्याच्या आत गेलेली ती पावले.

“तुम्ही जाणूनबुजून...?” त्यांनी हळूच विचारले.

“मी नुसते कुंकू लावत होते,” इंदिराबाई म्हणाल्या. “आली तिच्या मनाने. ओटी भरल्यावाचून पाठवायची का आता?”

नानांनी सायकल तगरीला टेकविली. मग त्यांनी चपला काढल्या, आत गेले आणि देवघरातला नारळ घेऊन आले. “पुढच्या श्रावणात,” ते सर्वांदेखत म्हणाले, आणि नारळ उंच धरून पुन्हा म्हणाले, “पुढच्या श्रावणात आमच्या घरी कानबाई बसेल. पांगलेल्या भाऊबंदांना मी बोलावीन. तेजसलाही. रोट खायला.”

भागाबाईंनी चौरंग उचलून डोक्यावर घेतला. “ते पुढलं साल शे, नाना. आते माय पान्यावर जावानी बाकी शे. तुम्हीच चुकाडं, तुम्हीच पुढे चाला!”

ढोल पुन्हा कडाडला. तीन कानबाया, सारी वस्ती आणि प्रभातफेरी मंडळ मागे. अग्रभागी योगराज नाना, सायकल हाती धरून, मान ताठ. फाटकाबाहेर पडताच ते मोठ्या आत्मविश्वासाने उजवीकडे वळू लागले.

“दूध आणायला?” भाईदास आबांनी मागून विचारले.

इंदिराबाईंनी बाजूने येऊन सायकलचे हँडल धरले आणि कोणाला दिसणार नाही इतक्या हळूच ते डावीकडे वळविले.

ज्यांचे पाय घरात ठरत नाहीत, आणि जे त्यांच्यासाठी दार उघडे ठेवतात, त्या उभयतांना कानबाई माय सुखी ठेवो.