अप्रत्यक्ष लांडगाबळी

पंधरा नोव्हेंबरला आमच्या एल्डर क्रीकमध्ये शाळा बंद असते, बँक बंद असते आणि चर्चमध्ये लग्न लागत नाही, कारण त्या दिवशी हरणांची शिकार खुली होते. चौदा तारखेला सगळं उघडं असतं आणि कोणीही काम करत नाही. बाबा त्या दिवशी सकाळपासून पिकअपमध्ये सामान भरत होते. मी दर वर्षीप्रमाणे रजा काढून त्यांच्यासाठी पास्ट्या, म्हणजे मांस आणि भाज्या भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजायला आले होते.

"सलगम घातलंस ना? गेल्या वर्षी आत नुसता बटाटा होता," बाबा म्हणाले.

"तरी चार खाल्ल्यात."

"भुकेनं खाल्ल्या. आवडीनं नाही."

या दिवसांत आमच्या पेट्रोलपंपावर गाजरांची पोती मिळतात. ती माणसांसाठी नसतात. हरणांपुढे पसरण्यासाठी बाबांनी त्यातलं एक आणलं होतं आणि आता ते खांद्यावर घेत होते.

"थांबा बाबा, शेजारच्या रॉयला हाक मारते."

"गाजरं आहेत ती. पियानो नाही."

पोतं आत टाकून ते थोडा वेळ गाडीला टेकून उभे राहिले आणि मग म्हणाले की यंदाही काही मिळायचं नाही, हरणं उरली नाहीत, डेल म्हणतो लांडग्यांनी संपवली. तुम्ही किती लांडगे पाहिलेत, असं मी विचारलं. "मी कशाला बघू? डेल बघतो की," ते म्हणाले. आमच्या घरात एकमेकांबद्दल काही वाटलं तर रस्त्यावर बर्फ आहे, हळू जा, असं सांगतात. मी तसं सांगितलं. त्यांनी खिडकीतून हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेलकाकांना बाबा जंगलात, हरणाची वाट बघत दबून बसायच्या आपल्या लपणीत बसलेले दिसले. दोनदा हाक मारूनही ओ आली नाही, तेव्हा काका जवळ गेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. बंदूक झाडलेली नव्हती. मारलेलं हरीण ओढून आणायची घसरगाडी असते, तिच्यावरून बाबांना रस्त्यापर्यंत आणलं. त्या वर्षी त्या गाडीवरून दुसरं काही आलं नाही.

डेल ट्रेव्हारो हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि 'एल्डर क्रीक हरीण वारसा संरक्षण समिती'चे अध्यक्ष. हरणांना अकाली मृत्यूपासून वाचवणं हे समितीचं उद्दिष्ट आहे. पंधरा नोव्हेंबरपूर्वीचा कोणताही मृत्यू अकाली समजला जातो.

समिती गेली काही वर्षं अडचणीत होती. गावच्या चौकात दोन खांबांवर एक लांब आडवा वासा आहे. मोसमाच्या पहिल्या संध्याकाळी त्यावर मारलेली नर हरणं टांगायची, प्रत्येकाच्या पायाला शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि खाली उभं राहून बिअर प्यायची, अशी आमची रीत. अलीकडे त्या वाशावर चिमण्या बसू लागल्या होत्या. चिमणीच्या पायाला कोणाचं नाव बांधणार?

त्यातच लांडगे परत आले. समितीनं त्यांची शास्त्रशुद्ध मोजणी केली. अकरा सदस्यांनी झाडांना कॅमेरे बांधले. अकराही कॅमेऱ्यांत डावा कान वाकडा असलेला एकेक लांडगा आढळला, म्हणून संख्या अकरा धरण्यात आली. कान एकसारखा असल्यामुळे सगळे एकाच कुटुंबातले असल्याचंही सिद्ध झालं. त्याच कॅमेऱ्यांत एक लंगडी हरिणीही अकरा वेळा आली होती. ती मात्र एकच धरली, कारण समितीला आकडे फुगवायचे नव्हते.

या मोजणीवर मत द्यायला राज्याच्या वन्यजीव खात्यातून केसलर नावाच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं असं पडलं की लागोपाठ तीन हिवाळे फार कडक गेले, आणि ओढ्याकाठच्या दलदलीतल्या ज्या दाट सीडरच्या झाडीत हरणं थंडीत आसरा घ्यायची, ती झाडीच राहिलेली नाही. झाडी डेलकाकांनी तोडली होती आणि तिथं सुट्टीतल्या घरांसाठी प्लॉट पाडले होते. बहुतेक प्लॉट समितीच्या सदस्यांनीच घेतले. त्या घरांना मोठमोठ्या काचेच्या खिडक्या आहेत, हरणं दिसावीत म्हणून.

"बर्फाविरुद्ध काय ठराव करायचा बाई?" काका म्हणाले. "लांडग्याबद्दल बोला."

"लांडगा हरणं खातो, खरं आहे. पण एवढी नाही. आणि माणसाचं विचाराल तर आपल्या भागात लांडग्यानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही."

सभागृहात निराशा पसरली.

हे ऑक्टोबरात झालं. नोव्हेंबरात बाबा गेले. दफनानंतर मी परत न जाता बाबांच्या घरीच राहिले, आणि त्याच आठवड्यात डेलकाका माझ्याकडे आले. त्यांच्या हातात त्यांच्या पत्नी बर्निसकाकूंनी दिलेलं नूडल्सचं भांडं होतं. ते बाबांच्या खुर्चीत बसता बसता थांबले आणि दुसरीत बसले.

"इरमा, पोरी, अर्वो कशानं गेला?"

"हृदयानं, काका. तुम्हाला माहीत आहे."

"ते झालं वैद्यकीय. मी कारण विचारतोय."

मी त्यांना कॉफी दिली.

"हे बघ. पूर्वीसारखी हरणं असती तर सकाळीच त्याला नर मिळाला असता. मग तो कॅम्पवर आला असता, स्टोव्हपाशी, आमच्यात. काही झालं असतं तरी चार माणसं जवळ असती. तो थंडीत एकटा का बसून राहिला?"

"त्यांना बसायला आवडायचं."

"हरीण आलं नाही म्हणून बसला! आता हरीण का आलं नाही?"

"तिथं लांडगा होता का, काका? माग दिसले?"

"एकसुद्धा नाही," काका आवाज खाली आणून म्हणाले. "यावरून ओळख, किती धूर्त जनावर आहे ते."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. दुकानातली माणसं एव्हाना माझ्याशी हवेबद्दल बोलायला लागली होती. बाबांचं नाव रोज घेणारी गावात एकच संस्था उरली होती आणि ती ही समिती. मला ते नाव ऐकायला बरं वाटत होतं. नूडल्सही चांगले झाले होते.

डिसेंबरच्या सभेत 'अप्रत्यक्ष लांडगाबळी' हा वर्ग एकमतानं निर्माण झाला. व्याख्या अशी: ज्या व्यक्तीचा मृत्यू लांडग्याच्या अनुपस्थितीत, परंतु लांडग्यामुळे झाला आहे. बाबा त्या वर्गातले पहिले. टाळ्या वाजल्या, मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे उभे राहिले.

वर्ग झाला की माणसं येतातच. समितीतल्या बझ पेलेटिएची बायको त्याला सोडून गेली होती. हरीण दिसेना म्हणून जंगलात जास्त बसावं लागलं, ती कंटाळली, असा त्याचा अर्ज होता. तो 'कौटुंबिक' म्हणून मंजूर झाला. गावचा न्हावी लांडग्याचं ओरडणं ऐकून बाहेर धावला आणि पायरीवरून घसरून त्याचं मनगट मोडलं. ओरडत होता तो त्याचाच कुत्रा, पण कुत्रा लांडग्याच्या भीतीनंच ओरडला असणार, म्हणून 'श्रवणजन्य'.

मग उरलेल्या हरणांना वाचवायचं ठरलं. हिवाळाभर सभागृहामागे मक्याचे ढीग घातले. आसपासची हरणं मका खायला हमरस्ता ओलांडून येऊ लागली आणि मका घेऊन येणाऱ्या पिकअपखाली सापडू लागली. मेलेलं प्रत्येक हरीण लांडग्याच्या नावावर चढलं. एरवी हरीण कधी इतकं बावचळून गाडीसमोर येतं का?

फेब्रुवारीत डेलकाकांनी निर्णायक योजना मांडली. लांडगा हरणांवर जगतो. हरणं नसतील तर लांडगा जाईल. तेव्हा प्रत्येक सदस्याला दोन जादा हरिणींचे परवाने मिळावेत.

"लांडग्याच्या तोंडी पडण्याआधी आपण त्यांना वाचवू!" काका म्हणाले.

"वाचवून ठेवणार कुठे?" मागच्या रांगेतून केसलर बाईंनी विचारलं.

"फ्रीझरमध्ये," बझ म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

या मागणीवर सुनावणी घ्यायला मे महिन्यात राज्याचं वन्यजीव मंडळ आमच्या गावी येणार असं ठरलं. त्यांच्या मनावर परिणाम व्हावा म्हणून चौकातला वासा रिकामा ठेवून चालणार नव्हतं. बर्निसकाकू येऊन बाबांचा शिकारीचा भडक नारिंगी कोट घेऊन गेल्या. "धुऊन, इस्त्री करून देते गं," म्हणाल्या. त्यांनी धुतला आणि इस्त्रीही केली. मग तो वाशावर, जिथं नर टांगतात तिथं, टांगला. खाली चिठ्ठी बांधली: अर्वो सालमेला.

कोट वाऱ्यात हलायचा. बाहेरगावचे लोक खाली उभं राहून फोटो काढायचे. मी पावाच्या दुकानातून येत होते तेव्हा एका भल्या गृहस्थानं चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "वजन किती भरलं होतं?"

एल्डर क्रीकबाहेरच्या वाचकाला हे सगळं हास्यास्पद वाटेल. त्याच्या गावात लांडगे नसतील. त्याच्याकडे जे कोण असतील त्यांची नावं मी इथं घेत नाही, ती त्याला पाठ आहेत.

सुनावणीला सभागृह भरून लोक व्हरांड्यात उभे होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते काकांनी तयार करून दिलं होतं: लांडगे नसते तर माझे वडील आज असते. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि काकू माझा हात धरून होत्या. माझ्या आधी बझ बोलला. बायकोचं नाव घेताना त्याचा गळा दाटून आला, पण लांडग्यावर आल्याबरोबर मोकळा झाला.

मग मंडळाच्या अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले.

"माझे वडील हृदयविकारानं गेले," मी म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दोनदा सांगूनही डॉक्टरकडे गेले नाहीत. दलदलीतली झाडी तोडल्यापासून त्यांच्या लपणीसमोरून काहीच जात नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते जायचे आणि बसायचे. लांडगा आला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं, निदान काहीतरी आलं म्हणून."

मग डेलकाका सावकाश उठले. ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे भरले होते.

"मंडळी, ही अर्वोची लेक. लहानपणापासून मी हिला ओळखतो. ही असं बोलणारी मुलगी नव्हे. लांडग्यांनी एका घराची काय दशा केली आहे ती मंडळानं आज समक्ष पाहिली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बर्निसकाकूंनी रुमाल काढला. समितीचं टिपण घेणाऱ्या तरुणीनं मान वर करून अदबीनं विचारलं, "हे 'मानसिक'मध्ये घेऊ का?"

"घ्या," काका म्हणाले.

"बाई, आपल्याला आणखी काही सांगायचंय?" मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

मी जागेवर परत निघाले होते. काकूंनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, पाठीला उशीसुद्धा लावली होती. तिथं जाऊन बसले असते तर संध्याकाळी पुन्हा कोणीतरी नूडल्स घेऊन आलं असतं. मी वळले.

"हो," मी म्हणाले. "सहा महिने मी इथं येऊन लांडग्याबद्दल ऐकत बसले, कारण लांडग्याबद्दल ऐकताना रडू येत नाही. तुम्हालाही येत नसणार. म्हणून तर इतके जण येता."

"इरमा, बस आता, पोरी," काका म्हणाले.

"बसते, काका. साठ वर्षांची मैत्री होती तुमची. बाबा गेल्यापासून तुम्ही त्यांच्याबद्दल शंभर वाक्यं बोललात आणि प्रत्येकात लांडगा होता. एक लांडग्याशिवाय बोलून बघा. मीही कधी बोलले नाही, ते असतानाही नाही, म्हणून आधी मीच बोलते." माइक खरखरला. तरुणीनं पेन उचललं, पण कुठं लिहायचं ते तिला कळेना. "मला माझे बाबा फार आवडायचे. मला ते अजून हवे होते."