गाव नसलेलं तूप

कुंभकोणमला आमचं सामान बैलगाडीतून उतरत होतं, तेवढ्यात शेजारचे सेतूमामा आमच्या घरात शिरले. ओळख ना देख. उघड्या अंगावर उपरणं, कपाळावर अंगाऱ्याची उभी काळी रेघ, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. माझ्याकडे नाही, ट्रंकांकडे नाही, ते सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ठेवलेल्या वनस्पती तुपाच्या डब्याकडे गेले. डबा उचलला, वास घेतला, कलता करून बूड पाहिलं आणि मराठीत विचारलं, "ह्याचें गांव कोणतें?"

प्रवासभर कानावर तमिळ पडून पडून मी अगदी बधिर झाले होते. मराठी शब्द ऐकले आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. मला वाटलं, ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं गाव विचारताहेत. मी पदर सावरून म्हटलं, "सातारा."

त्यांचा चेहरा पार उतरला. "साताऱ्यासही असलें करूं लागले?" असं म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला, आणि कुणाच्या घरी वाईट बातमी कळल्यावर माणूस निघतो तसे मुकाट्याने निघून गेले.

मामांची आणि माझी ही पहिली भेट. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावर मुलखात आले ते तिथलेच झाले. सातारा त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे सातारा म्हणजे त्यांच्या मनात एक स्वच्छ, पवित्र जागा होती. तिथून असला डबा यावा याचं त्यांना मनापासून दुःख झालं. डबा स्टेशनवरून येताना कुंभकोणमच्याच बाजारात घेतलाय, हे मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागले.

माझे यजमान बँकेत होते, तिथल्या शाखेत बदली होऊन आले होते. मामा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म काढलेला. साक्षीदार पुढे आला की नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं, हे विचारायची जिभेला इतकी सवय झाली होती की निवृत्त झाल्यावर साक्षीदार संपले तरी प्रश्न राहिले. ते मग त्यांनी खाण्याच्या जिनसांना विचारायला सुरुवात केली.

तिळाच्या तेलाचं गाव आमच्या रस्त्याच्या टोकाचा घाणा. बैलसुद्धा ओळखीचा. गूळ तिरुविडैमरुदूरच्या अलीकडच्या एका गुऱ्हाळातला. ताक मागच्या आळीतल्या काळ्या गाईचं. ही सगळी मंडळी खानदानी. पण गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ, दाणेदार साखर, दुधाची भुकटी, बिस्किटं आणि सगळ्यांत वर ते वनस्पती तूप, ह्यांना गाव नाही. "ज्याला गांव नाहीं, तें पोटांत गेलें कीं जागा शोधतें," असं ते मला समजावून सांगत, आणि तळहात छातीवर डाव्या बाजूला ठेवत. "आणि येथें बसतें."

आमच्या ह्यांना चहाबरोबर बिस्किटं लागत. मामांची चाहूल लागली की ते बिस्किटांचा डबा खुर्चीखाली सरकवत. बँकेत मोठमोठ्या लोकांशी बोलणारा माणूस, पण मामांच्या चष्म्यापुढे त्यांची जीभ चाचरायची.

मामांच्या ह्या खाक्यामुळे नातलग हळूहळू दुरावले होते. लग्नाला गेले की ते आधी मागच्या दारी आचाऱ्यांकडे जात, सगळी चौकशी करत आणि उपाशी परत येत. पुढे पुढे लोक पत्रिका धाडत, पण आग्रह करायला कुणी येईनासं झालं. त्यांचा मुलगा मद्रासला होता. एकदा तो बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन आला. सुनेच्या पिशवीत दुधाच्या भुकटीचा डबा निघाला. मामा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. डबा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला, एवढंच. सून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली. मला हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि वर म्हणाले, "पोर गोड होतें हो. माझें बोट धरलें होतें."

एवढ्या मोठ्या गावात त्यांना एकच मित्र होता आणि तो नेमका रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हॉटेलवाला. वैद्यनाथ अय्यर. मोठं पोट, त्याहून मोठं हसणं. शाळेत दोघं एका बाकावर बसत. अय्यरांचं दुकान भरभराटीला आलेलं, आणि महायुद्धानंतर साजूक तूप मिळेनासं झाल्यापासून तिथलं सगळं तळण त्याच बिनगावाच्या तुपातलं. मामा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. स्वतःबरोबर धोतराच्या सोग्यात बांधून लाल पोहे नेत. दुकानातली कॉफी तेवढी घेत, कारण दूध कोणत्या गाईचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तीही गूळ घालून.

बाकावर बसून ते गिऱ्हाइकांची उलटतपासणी करत. कुणी बोंडा मागवला की तमिळमध्ये विचारत, वय काय, वडील आहेत का. नाहीत म्हटलं की, कशाने गेले. तो बिचारा घास हातात धरून म्हणे, छातीत दुखून. मग मामा अय्यरांकडे वळून नुसती मान हलवत. गिऱ्हाईक अर्धा बोंडा पानात टाकून उठे. अय्यर हसत आणि मामांना आणखी एक कॉफी पाठवत.

दुसऱ्या कुणी असला माणूस दारात उभा केला नसता. मी एकदा अय्यरांना हे विचारलं. तोवर मला तमिळ बरंच यायला लागलं होतं. ते पहिल्यांदाच न हसता बोलले.

त्यांनी सांगितलं की पूर्वी सेतू असा नव्हता. आमच्या रस्त्यात गिरणीचा तांदूळ पहिल्यांदा त्याच्याच घरी आला. डब्यातलं तूप आणि बिस्किटंही त्याच्याच. बायकोवर फार जीव. तिने पहाटे उठून भात कांडावा, लोणी कढवावं, हे त्याला बघवत नसे. आता यंत्रं आली आहेत, तू बस, असं म्हणून त्याने घरातलं उखळ आणि मुसळ देऊन टाकलं. ती ओट्यावर निवांत बसलेली दिसली की कचेरीतून येताना लांबूनच त्याची चाल बदलायची. थोड्या वर्षांनी एका दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं की तिचं काळीज लहानपणीच्या तापापासून दुबळं होतं, खाण्याचा काही संबंध नाही. सेतूने ते ऐकून घेतलं. पण कोर्टातला माणूस, त्याने स्वतःपुरता निकाल देऊन टाकला.

"तो माझ्या गिऱ्हाइकांना बोलत नाही," अय्यर म्हणाले. "स्वतःलाच बोलतो. बोलू दे."

त्यानंतर मामा आमच्या डब्यांचा वास घ्यायला आले की मला हसू येत नसे. मी वनस्पती तूप आणणं बंद केलं. मामांना ते कळलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात अय्यर भर दुपारी गल्ल्यावरच कोसळले. हृदयविकाराचा झटका. डॉक्टर तरुण होता, हुशार होता. त्याने पडून राहायला सांगितलं, तळलेलं बंद केलं, तपकीर बंद केली. मामांनी त्याला आपलं मत सांगितलं तेव्हा तो म्हणाला की खाण्याचा आणि काळजाचा असा संबंध असेलही, नसेलही, आम्हाला अजून नक्की माहीत नाही. मामांना एवढं 'असेलही' पुरलं.

अय्यरही विधुर. घरात करणारं कुणी नव्हतं, हॉटेलचे आचारी हॉटेलचंच रांधणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा भिंतीपाशी आले आणि मला म्हणाले, "बाई, भात कसा करतात, सांगाल?"

तेव्हा मला कळलं की बायको गेल्यापासून त्या घरात चूल पेटलीच नव्हती. इतकी वर्षं हा माणूस ताकात भिजवलेले पोहे, केळी आणि कच्च्या काकड्यांवर जगला होता. आम्ही ते त्यांचं तत्त्व समजत होतो.

मी भिंतीवरून शिकवलं. स्वामीमलैच्या बाजूला एक म्हातारी अजून हाताने भात कांडत असे. मामा बसने जाऊन तिच्याकडून तांदूळ आणत. तो आधी भिजवायचा, मग मंद आचेवर मऊ शिजू द्यायचा. पहिला भात करपला, दुसऱ्याची खळ झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून शितं दाबून दाखवली. मग कुळथाचं सार आलं, केळीच्या गाभ्याची कोशिंबीर आली, पडवळ आलं, पालेभाज्या आल्या. डबा घेऊन मामा भर उन्हात अनवाणी निघत, आणि अय्यर शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसत.

अय्यरांनी सुरुवातीला फार कुरकुर केली. मरण परवडलं पण हे पडवळ नको, असं मला दोनदा म्हणाले. पण पावसाळा संपता संपता ते उठून बसले. मग ओट्यापर्यंत आले, मग कावेरीच्या घाटापर्यंत. पोट ओसरलं, चेहऱ्यावर रंग आला. एके दिवशी दोघं बसने तिरुवलंचुळीच्या गणपतीला जाऊन आले आणि शाळेतून पळून गेल्यासारखे हसत परतले. डॉक्टरने तपासून खूप चांगलं आहे म्हटलं. कशामुळे, ते त्याने सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही.

त्या दिवसांत मामा मला पहिल्यांदाच गाणं गुणगुणताना ऐकू आले, फोडणी देताना.

अय्यरांचा मुलगा जमशेदपूरला पोलादाच्या कारखान्यात होता. वडील लांबचा प्रवास करण्याएवढे बरे झालेत असं त्याला कळलं, तसा तो बायकोला घेऊन न्यायला आला. त्याचंही चुकलं नव्हतं. वडिलांना एकटं कसं ठेवणार? हॉटेल चालवायला दिलं, घराला कुलूप लागलं.

आम्ही स्टेशनवर गेलो होतो. मामा खिडकीशी उभे राहून अय्यरांच्या सुनेला समजावत होते, तांदूळ किती भिजवायचा, सार कसं करायचं, ताक कधी द्यायचं. ती मान डोलवत होती. तिच्या मांडीवरच्या टोपलीत बिस्किटांचा डबा होता. मला दिसला आणि मामांनाही दिसला. मामांनी नजर दुसरीकडे वळवली आणि तिला म्हणाले, तू फार गुणी मुलगी आहेस, त्याला सांभाळशील. पुढे तिने खरंच सांभाळलं. अय्यर बरीच वर्षं जगले, असं मला मागाहून कळलं.

गाडी हलली. अय्यर खिडकीतून काहीतरी सांगत होते, पण शिट्टीत ऐकू आलं नाही. मामा परतताना सारखे विचारत होते, तो काय म्हणाला, तुम्हांस ऐकूं आलें काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आमच्या दारात आले. हातात पितळी पातेलं, वर झाकण. म्हणाले की भात जरा जास्त झाला, टाकवत नाही. मी घेतला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. चौथ्या दिवशी मी सहज म्हटलं, मामा, तांदूळ थोडा कमी घेऊन पाहा.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेतला होता. पण हांड्यांत हात घातला कीं मूठ आपणच भरते. एकट्यापुरतें शिजवणें मला कोणीं शिकवलें नाहीं, बाई. तुम्हीही नाहीं शिकवलेंत."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पातेलं अजून त्यांच्याच हातात होतं आणि झाकणाखालून वाफ निघत होती.

मी आत गेले, केळीची पानं धुतली आणि आमच्या ओट्यावर तीन मांडली. ह्यांना हाक मारली. मामा म्हणाले, मी आपला उभाच बरा, तुम्ही जेवा. ह्यांनी त्यांच्या हातातलं पातेलं अलगद काढून घेतलं आणि मधल्या पानापाशी पाट सरकवला.