कल्याण सरांचं सुलट नाव

आष्टीचा आठवडी बाजार तांब्याच्या पत्र्यावर उतरवायला कल्याण सरांनी दोन महिने घातले. भोकरदनच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. पत्र्याला मेण फासायचं, सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब रेघा खातं, त्यांत शाई भरली की कागदावर चित्र उमटतं. मुंबईच्या प्रदर्शनानं सरांचं चित्र ओळीनं चार वर्षं परत पाठवलं होतं. यंदा मात्र जमलं होतं. कोपऱ्यात सहीसुद्धा झाली होती, अर्थात उलटी, कारण छापताना सगळं उलटतं.

ही गोष्ट तेवढी आईला, म्हणजे गिरिजाबाईंना, सांगायची राहिली. पत्रा पुसताना त्यांना ते नाव दिसलं आणि त्या हादरल्याच. पोरगा मास्तर, आणि स्वतःचं नाव धड लिहिता येईना! चारचौघांत शोभा नको म्हणून त्यांनी गुपचूप जालन्याची एसटी धरली. जुन्या जालन्यात राधेश्यामचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नातल्या हंड्यावर घालतात तसं ठसठशीत नाव त्यांनी पत्र्यावर घालून आणलं.

प्रदर्शनाला चित्र पाठवायच्या शेवटच्या तारखेला सरांनी न बघताच पत्र्याला शाई फासली, शेवटचा चांगला कागद वर ठेवला आणि रसवंतीवाल्याच्या जुन्या चरकातून दाबून काढला. कागद उचलून त्यांनी उजेडात धरला. बाजारावरच्या आभाळात बोटभर उंचीची उलटी अक्षरं पसरली होती.

"आई, ह्ये काय करून ठेवलं?"

"तुहंच नाव हाय. म्या बराबर करून आणल्तं. परत उलटं कामून झालं?"

सरांनी डोळे मिटून तोच कागद पाठवला आणि आठवडाभर आईशी अबोला धरला.

महिन्यानं, ते जेवायला बसले असताना, मुंबईहून फोन आला. चित्र निवडलं होतं. आभाळातली ती गूढ लिपी परीक्षकांना फारच भावली होती, आणि त्याच पत्र्यावरून आणखी दहा प्रती हव्या होत्या. सरांनी घास तसाच ताटात टाकला.

"आई, तो पत्रा कुठंय?"

गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. "तू लई नाराज झाल्ता. मंग राधेश्यामकडून घासून, ठोकून, कल्हई करून आणला. आठ दिवस झाले, त्याच्यातच जेवून राह्यला की."

सरांनी पहिल्यांदाच ताट नीट बघत पिठलं बाजूला सारलं. बाजाराची एक रेघ उरली नव्हती. नाव तेवढं नव्यानं घातलं होतं, अगदी सुलट: चि. कल्याण यास, आईकडून.